चार जुने संगणक आणि सूर्याचे बारा दिवस: घरच्या क्लस्टरवर सौर डेटा कसा हाताळावा

१०-११ मे २०२४ च्या रात्री लडाखमधल्या हानले इथं ध्रुवीय प्रकाशानं आकाश तांबूस झालं होतं. इंदूरच्या गच्चीवरून आम्हाला दिसली ती नेहमीची धूळ. पण त्या रात्रीमागचा सगळा कारभार, म्हणजे सूर्यावरचं १३६६४ क्रमांकाचं सक्रिय क्षेत्र (डागांचा समूह), त्याचं फुगणं आणि त्याच्या ज्वाला, हे सगळं नासाच्या सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरीनं, अर्थात एसडीओनं, टिपून ठेवलंय. ते कुणालाही फुकट मिळतं. फुकट मिळालेलं घरात मावेल का, हा प्रश्न मात्र आपल्यालाच सोडवावा लागतो.

रामबागेत आत्याच्या घरी वरची खोली रिकामी होती. तिथं चार जुने संगणक एकमेकांना जोडून (अशा जोडणीलाच क्लस्टर म्हणतात) मी आणि माझ्या भाच्यानं ३ ते १४ मे हे सूर्याचे बारा दिवस चाळले, कापले आणि ग्वाल्हेर-पुण्याच्या मंडळींना वाटले. त्याची ही कृती. पायथॉन थोडंफार येतं आणि लिनक्सच्या काळ्या खिडकीची भीती वाटत नाही, एवढं गृहीत धरतो.

आधी कागद-पेन्सिल

एसडीओ ११ फेब्रुवारी २०१० रोजी अवकाशात गेली आणि रोज साधारण दीड टेराबाइट डेटा खाली पाठवते. तिच्यावरचं एआयए हे उपकरण सूर्याचं पूर्ण बिंब ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेलमध्ये टिपतं. अतिनीलच्या सात पट्ट्यांत दर १२ सेकंदांनी एक चित्र, म्हणजे एका पट्ट्यात दिवसाला ७,२०० चित्रं. एक पिक्सेल ०.६ कोनीय सेकंदांचा (एक कोनीय सेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग), सूर्यावर सुमारे ४३५ किलोमीटर. इंदूर-ग्वाल्हेर सरळ रेषेत जवळपास तेवढंच भरतं, त्यामुळे आमच्या घरात पिक्सेलला 'एक ग्वाल्हेर' म्हणायची पद्धत पडली आहे.

दाबलेली फिट्स फाइल (खगोलशास्त्रातला चित्रांचा प्रमाण फाइलप्रकार) पट्ट्यानुसार कमीजास्त असते, आपण सरासरी १० एमबी धरू. तीन पट्टे, बारा दिवस, दर १२ सेकंदांनी: २ लाख ५९ हजार २०० फायली, म्हणजे २.६ टेराबाइट. हे घरच्या इंटरनेटवरून उतरवायला निघणं म्हणजे पावसाळ्याची वाट पाहत नळाखाली हौद भरणं. म्हणून आम्ही दर १२ मिनिटांनी एक चित्र घेतलं. दिवसाला १२०, बारा दिवसांत पट्ट्यागणिक १,४४०, तीन पट्ट्यांची ४,३२० चित्रं, सुमारे ४३ जीबी. हे पेलतं.

१२ मिनिटांच्या अंतरात ज्वालेचा ऐन भर निसटू शकतो, हे कबूल. क्षेत्राची वाढ पाहायची असेल तर एवढं अंतर पुरतं. १४ मेची एक्स ८.७ ज्वाला (एक्स हा सर्वांत तीव्र वर्ग) पाहायची असेल तर तो एकच तास १२ सेकंदांच्या वेगानं वेगळा मागवा, पट्ट्याला ३०० चित्रं होतात. आधी प्रश्न ठरवा, मग अंतर ठरवा. आम्ही पहिल्या खेपेला उलटं केलं आणि हार्ड डिस्क भरली.

पट्टे आम्ही १७१, १९३ आणि ३०४ अँगस्ट्रॉम तरंगलांबीचे घेतले. १७१ मध्ये चुंबकीय कमानी सुरेख दिसतात, १९३ मध्ये त्याहून तप्त करोना (सूर्याचं बाहेरचं वातावरण), ३०४ मध्ये खालचा तुलनेनं थंड थर. ज्वालेच्या ऐन गाभ्यासाठी १३१ घ्यावा.

अगदीच पहिली वेळ असेल तर एआयएचा सिनॉप्टिक संच घ्या. त्यात १०२४ गुणिले १०२४ ची, दर दोन मिनिटांची चित्रं असतात, जुळवणीचं कामही आधीच झालेलं असतं. त्यावर पुढची सगळी कृती एका लॅपटॉपवर करून पाहता येते.

कुठून आणि कसा आणायचा

एआयए आणि एचएमआय (सूर्याचं चुंबकीय क्षेत्र मोजणारं) या दोन उपकरणांचा साठा स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेएसओसी केंद्रात असतो. तिथं ईमेल नोंदवावा लागतो, मग मागणी टाकायची, ती तयार झाली की उतरवून घ्यायची. पायथॉनमधल्या सनपाय या संचातलं फिडो हेच काम तुमच्या वतीनं करतं: वेळ, उपकरण, तरंगलांबी आणि अंतर सांगायचं. एका वेळी चार-पाचपेक्षा जास्त जोडण्या उघडू नका. केंद्र सगळ्या जगाचं आहे आणि घाई आपली एकट्याची.

मागणी दिवसागणिक करा. बारा दिवसांची एकच मोठी मागणी टाकली आणि मध्ये तुटली, तर काय आलं आणि काय राहिलं हे शोधण्यात संध्याकाळ जाते. प्रत्येक दिवसाचा एक फोल्डर आणि त्यात पट्ट्याचा एक फोल्डर, एवढी शिस्त पुरते. आम्हाला सरासरी दोन एमबी प्रतिसेकंद मिळत होतं, त्या हिशोबानं ४३ जीबीला सहा तास. रात्री जेवून लावलं, सकाळी उठून पाहिलं.

जेएसओसीकडून हवा तेवढाच तुकडा कापूनही मिळतो. मोह होतो, पण पहिल्यांदा पूर्ण बिंबच घ्या. पुढे जी जुळवणी करायची आहे तिची साधनं मुळात पूर्ण बिंबासाठी लिहिलेली आहेत. आधी जुळवायचं, मग कापायचं.

आपल्या आदित्य-एल१ चा डेटाही बंगळुरूजवळच्या इस्रोच्या आयएसएसडीसी केंद्राच्या प्रदान या पोर्टलवर नोंदणी करून घेता येतो. २ सप्टेंबर २०२३ ला निघालेलं हे यान ६ जानेवारी २०२४ ला सूर्य-पृथ्वीमधल्या एल१ या बिंदूभोवतीच्या कक्षेत स्थिरावलं. त्यावरची सूट ही दुर्बीण पुण्याच्या आयुकानं घडवलेली, त्यामुळे मराठी माणसाला जरा जास्तच जिव्हाळा. कृती तीच, फक्त पुढे इतरांना वाटण्याआधी तिथले वापराचे नियम वाचून घ्या. एसडीओइतकी मोकळीक सगळीकडे असतेच असं नाही.

यंत्रं, तारा आणि आत्याचा प्लग

आमचे चारही संगणक आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून घेतलेले, कुठल्याशा ऑफिसातून निघालेले. चार कोअरचे जुने आय-फाइव्ह. तिघांत ८ जीबी रॅम, एकात १६. तो सोळावाला म्हणजे घरचा कारभारी. प्रत्येकात छोटी एसएसडी, कारभाऱ्यात मोठी हार्ड डिस्क. मध्ये आठ पोर्टचा गिगाबिट स्विच. वायफायवर हे काम करू नका, मी सांगूनही तुम्ही एकदा करणारच, तर करून पाहा आणि परत या.

तारांकडे मात्र खरंच लक्ष द्या. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. त्यामुळे एखादी जोडी क्रिंपिंगमध्ये सैल राहिली की संगणक तक्रार न करता गुपचूप १०० वर उतरतो. आमचा तिसरा संगणक दोन दिवस असाच रेंगाळत होता आणि आम्ही बिचाऱ्या प्रोसेसरला बोल लावत होतो. ईथटूल या आज्ञेनं वेग विचारला तर एका ओळीत उत्तर मिळतं. चारही यंत्रांवर १००० दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरी भानगड वेगळीच. रोज दुपारी चारच्या सुमारास दोन नंबरचा संगणक क्लस्टरमधून नाहीसा व्हायचा आणि तासाभरानं परत यायचा. लॉग वाचले, रॅम बदलून पाहिली, भाच्यानं वीजपुरवठ्याचा डबा उघडला. शेवटी एक दिवस चार वाजता खोलीतच बसून राहिलो.

आत्या कपड्यांचा ढीग घेऊन आली, वाकली आणि प्लग उपसला.

"अगं आत्या, काय करतेस!"

"इस्त्री लावतेय. तुझा तो डबा नुसता गरम हवाच सोडतोय की रे. परत लावून ठेवते रोज, आठवणीनं."

आत्यासाठी वेगळा बोर्ड आला. पण त्या महिन्यानं शिकवलेला धडा प्रोग्रॅममध्ये कायम राहिला: कुठलंही यंत्र कुठल्याही क्षणी जाणार असं धरूनच काम लिहायचं. त्याची रीत पुढे सांगतो.

उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर गेला की जुने प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतात. आम्ही मोठं काम रात्रीच लावतो. माळव्याच्या रात्री गार असतात हे ऐकून होतो, संगणकांच्या तापमानाच्या आलेखात ते पहिल्यांदा पाहिलं.

क्लस्टर उभा करणं

यासाठी आम्ही डास्क वापरतो, पायथॉनचं काम अनेक यंत्रांवर वाटून देणारा संच. हडूप, स्पार्क वगैरे थोर मंडळी आहेत, पण फिट्स फायली आणि पायथॉनच्या कामाला डास्क अंगाबाहेर जात नाही. रचना साधी: एक शेड्युलर, तो कारभाऱ्यावर चालतो आणि कामं वाटतो. बाकी सगळे वर्कर, ते कामं करतात. आणि एक क्लायंट, म्हणजे तुमचा प्रोग्रॅम, जो कामांची यादी देतो.

पहिली अट: चारही यंत्रांवर पायथॉन, नमपाय, सनपाय, डास्क यांच्या आवृत्त्या तंतोतंत सारख्या हव्यात. एका यंत्रावर कोंडा या संच बसवणाऱ्या साधनाचं एन्व्हायर्नमेंट तयार करा, त्याची यादी फाइलमध्ये काढा आणि उरलेल्या तिघांवर त्याच फाइलवरून बसवा. हातानं एकेक बसवत गेलात तर दीड महिन्यानं एक यंत्र अगम्य भाषेत रडू लागतं. क्लायंटकडे आवृत्त्या तपासायची सोय आहे, सुरुवातीलाच ती चालवा.

मग कारभाऱ्यावर शेड्युलर सुरू करायचा, तो ८७८६ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकतो. मग कारभाऱ्यासकट चारही यंत्रांवर वर्कर सुरू करताना त्याला कारभाऱ्याचा पत्ता द्यायचा. ब्राउझरमध्ये ८७८७ पोर्ट उघडला की डॅशबोर्ड दिसतो. चारही यंत्रं तिथं हजर दिसली की चहा घ्यायला हरकत नाही.

किती वर्कर लावायचे? एआयएचं एक चित्र उघडलं की ३२ बिटमध्ये सुमारे ६७ एमबी, ६४ बिटमध्ये १३४ एमबी. फिरवताना, मोजमाप बदलताना अधल्यामधल्या प्रती तयार होतात आणि एका कामाला अर्धा जीबीसुद्धा सहज लागतो. आम्ही प्रत्येक यंत्रावर तीन वर्कर लावले, प्रत्येकी एक थ्रेड आणि २ जीबीची मर्यादा. चार यंत्रं, बारा वर्कर. एकाच वर्करमध्ये चार थ्रेड लावण्यापेक्षा वेगवेगळ्या प्रोसेस इथं बऱ्या, कारण यातलं बरंचसं काम शुद्ध पायथॉनचं आहे आणि थ्रेड एकमेकांची वाट अडवतात. शिवाय ओएमपी नम थ्रेड्स ही एन्व्हायर्नमेंटमधली किंमत १ करून ठेवा. नाहीतर प्रत्येक वर्कर आतून आणखी चार थ्रेड काढतो आणि चार कोअरवर बारा जण भांडत बसतात.

मर्यादेच्या ७० टक्क्यांच्या आसपास गेलं की वर्कर रॅममधला माल डिस्कवर उतरवायला लागतो, ८० ला नवी कामं घेणं थांबवतो आणि ९५ ला नॅनी (दाई) नावाची देखरेख करणारी प्रोसेस त्याला मारून नवा उभा करते. दाईचं नाव आणि काम असं, पण घर तीच सांभाळते.

एक इशारा: डास्क मुळात कुलूप न लावता चालतो. त्याच्या पोर्टपर्यंत जो पोहोचला तो तुमच्या यंत्रावर वाटेल ते चालवू शकतो. राउटरमधून हे पोर्ट बाहेर उघडून पुण्याच्या मित्राला क्लस्टरमध्ये घेण्याचा विचारही करू नका. लांबच्या माणसाला सामावून घ्यायची चांगली रीत वेगळी आहे, ती वाटपाच्या भागात येईल.

एका चित्राचं काम नीट लिहा

सगळी मदार इथं आहे. एक फंक्शन असं लिहायचं की त्याला एका फाइलचा पत्ता दिला की ते तिचं सगळं करतं आणि निकाल डिस्कवर ठेवतं. आमच्या फंक्शनचा क्रम असा.

फाइल उघडा आणि हेडरमधली (फाइलच्या सुरुवातीच्या माहितीतली) क्वालिटी ही किंमत पाहा. ती शून्य नसेल तर चित्रात काहीतरी खोट आहे, नोंद करा आणि सोडून द्या. ही पायरी आम्ही एकदा गाळली होती. मार्च महिन्यातल्या एका संचाची सरासरी काढली, तर रोज ठरावीक वेळी सूर्य विझत होता. एसडीओ पृथ्वीभोवती फिरते, आणि वर्षातून दोनदा, विषुवदिनांच्या आगेमागे, तीनेक आठवडे रोज पृथ्वीच तिच्या आणि सूर्याच्या मध्ये येते, जास्तीत जास्त ७२ मिनिटं. भाच्याला क्षणभर वाटलं होतं की आपण काहीतरी शोधलं.

मग जुळवणी. एआयएचा लेव्हल १ डेटा (प्राथमिक सुधारणा झालेला) किंचित तिरका असतो आणि चारही दुर्बिणींचं मोजमाप एकमेकींपासून बारीकसं वेगळं. एआयए-पाय या संचात आधी दुर्बिणीचा रोख सुधारायचा, मग रजिस्टर करायचं, म्हणजे सूर्याची उत्तर दिशा वर येते, केंद्र मध्यावर येतं आणि पिक्सेल नेमका ०.६ कोनीय सेकंदांचा होतो. क्रम उलटा करू नका.

रोख सुधारायला एक तक्ता लागतो, तो जेएसओसीकडून येतो. इथं एक खड्डा आहे. फंक्शनच्या आत तक्ता मागवला तर ४,३२० चित्रांसाठी ४,३२० वेळा तोच तक्ता समुद्र ओलांडून येईल. वेळ जाईल तो जाईल, तिकडचे लोक तुमचा पत्ता अडवून ठेवतील. तक्ता एकदाच आणा, फाइलमध्ये ठेवा आणि सगळ्या वर्करांना तीच फाइल वाचायला द्या. उपकरणाच्या झिजेचा तक्ताही तसाच. झीज गंभीर आहे, २०१० पासून ३०४ चा पट्टा तर खूपच मंदावलाय, त्यामुळे वेगवेगळ्या वर्षांची तुलना करायची तर ही सुधारणा टाळता येत नाही.

त्यानंतर एक्सपोजरच्या वेळेनं भागा. ज्वाला भडकली की एआयए आपणहून एक्सपोजर कमी करतं, म्हणजे ऐन ज्वालेच्या क्षणी बाकीचा सूर्य चित्रात काळवंडतो. न भागता फिल्म बनवली तर ती सर्कशीच्या दिव्यांसारखी लुकलुकते.

शेवटी कापणं. सूर्य पृथ्वीवरून पाहता रोज सुमारे १३ अंश वळतो, म्हणून कापायची खिडकीही त्याच्याबरोबर सरकवावी लागते. सनपायमध्ये एका वेळची जागा देऊन दुसऱ्या वेळची मिळवता येते. आम्ही ७०० गुणिले ७०० ची खिडकी ठेवली, सूर्यावर साधारण तीन लाख किलोमीटर. १३६६४ चा पसारा पृथ्वीच्या पंधराएक पट असल्यानं एवढी जागा लागतेच.

आता आत्याचा धडा. निकाल थेट अंतिम नावानं लिहू नका. आधी तात्पुरत्या नावानं लिहा, पूर्ण झाला की त्याच डिस्कवर नाव बदला. नाव बदलणं एका झटक्यात होतं, त्यामुळे अंतिम नावाची फाइल दिसली की ती पूर्णच आहे याची खात्री. फंक्शनच्या पहिल्याच ओळीत पाहा: अंतिम फाइल आहे? असेल तर काम न करता परत फिरा. एवढं केलं की वीज जाऊ दे, प्लग निघू दे, सगळं पुन्हा लावलं तरी फक्त राहिलेलंच काम होतं.

वेळेबद्दल दोन शब्द. उज्जैनच्या वेधशाळेत सम्राट यंत्रावर वेळ पाहिली असेल तर आठवेल, यंत्रावरची सौरवेळ आणि मनगटावरची प्रमाणवेळ यांत फरक पडतो: रेखांशामुळे सुमारे २७ मिनिटं, आणि वर महिन्यागणिक बदलणारी दुरुस्ती. इथंही तसंच. एआयएची निरीक्षणवेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळ), एचएमआयच्या नोंदी टीएआयमध्ये (लीप सेकंद न धरणारी आण्विक वेळ), दोन्हींत सध्या ३७ सेकंदांचा फरक. आणि तुमचा संगणक भारतीय वेळेत. फाइलच्या नावात, यादीत, सगळीकडे यूटीसीच ठेवा. १४ मेची ती ज्वाला १६:५१ ला शिगेला पोहोचली, इंदुरात तेव्हा रात्रीचे १०:२१ झाले होते.

हे फंक्शन आधी एका चित्रावर चालवा आणि चित्र डोळ्यांनी पाहा. मग दहा. मग एका दिवसाची १२०. शितावरून भाताची परीक्षा इथं अक्षरशः करायची असते, चुकलेलं फंक्शन बारा वर्करांवर लावलं तर बारापट वेगानं चुकतं.

चित्र परत मागवू नका

नवखी मंडळी, आम्हीही, इथं हमखास अडखळतात. क्लायंटमधून ४,३२० कामं पाठवली आणि प्रत्येकाचा निकाल म्हणून पूर्ण चित्र परत मागितलं. ६७ एमबी गुणिले ४,३२० म्हणजे २९० जीबी. चांगल्या गिगाबिटवर पाऊण तास, त्या सैल केबलवर पावणेसात. त्याआधीच क्लायंटची १६ जीबी रॅम भरून सगळं कोसळतं. खुद्द मूळ दाबलेल्या फायली ४३ जीबीच्याच होत्या. म्हणजे जाताना हातात पिशवी होती आणि येताना ट्रक लागला.

म्हणून फंक्शननं परत द्यायची ती फक्त चिठ्ठी: फाइल कुठं ठेवली, वेळ काय, खिडकीतला सरासरी उजळपणा किती, काही खोट होती का. चार आकडे आणि एक पत्ता. तसंच पाठवतानाही चित्र पाठवू नका, पत्ता पाठवा.

त्याच्याही पुढची पायरी: मूळ फायली चार यंत्रांवर आधीच वाटून टाका. ३ ते ५ मे एकाकडे, ६ ते ८ दुसऱ्याकडे, असं. मग काम देताना ते कुठल्या वर्करनं करायचं हे डास्कला सांगता येतं, प्रत्येक यंत्र स्वतःच्या एसएसडीवरचं वाचतं. आधी आमच्या सगळ्या फायली कारभाऱ्याच्या हार्ड डिस्कवर होत्या आणि बारा जण एकाच वेळी तिच्याकडे मागत होते, तिची सुई इकडून तिकडे धावून दमायची. डॅशबोर्डवर लाल पट्टे वाढले की समजा, तुमचे संगणक काम सोडून हमाली करताहेत.

आमच्या यंत्रांवर एका चित्राला सरासरी आठ सेकंद लागतात. एकट्यानं केलं असतं तर साडेनऊ तास. बारा वर्करांवर कागदोपत्री ४८ मिनिटं, प्रत्यक्षात उकाड्यामुळे सव्वा तास.

तुकडे पाडणं

आता आपल्याकडे ७०० गुणिले ७०० च्या ४,३२० छोट्या फायली आहेत. अशाच वाटता येतील, पण ज्याला एका ठिकाणचा उजळपणा बारा दिवसांत कसा बदलला ते पाहायचंय त्याला १,४४० फायली उघडाव्या लागतील. म्हणून आम्ही झार या स्वरूपात साठवलं. त्यात एक मोठी घनाकृती, वेळ गुणिले उंची गुणिले रुंदी, तिचे छोटे ठोकळे करून प्रत्येक ठोकळा वेगळी फाइल म्हणून राहतो. हवा तेवढाच ठोकळा वाचता येतो.

ठोकळ्याचं माप विचारपूर्वक ठरवा. एकेका चित्राचा ठोकळा केला तर वरची अडचण तशीच राहते. आम्ही १२० गुणिले १०० गुणिले १०० घेतलं, ३२ बिटमध्ये ४.८ एमबी. वेळेच्या दिशेनं १२, आडवे-उभे सात-सात, म्हणजे पट्ट्याला ५८८ आणि एकूण १,७६४ ठोकळे. १२० हा आकडा उगाच नाही: एक ठोकळा म्हणजे नेमका एक दिवस. दोन वर्करांनी एकाच वेळी एकच ठोकळा लिहायला घेतला तर एकाचं लिखाण दुसरा पुसतो, आणि कुठलीही चूक दाखवली जात नाही. एका कामाला एक दिवस आणि एक पट्टा दिला की ही वेळच येत नाही. छत्तीस कामं होतात, दहा मिनिटांत आटोपतात.

जे चित्र खराब म्हणून सोडलं त्याची जागा रिकामीच ठेवा, पुढची चित्रं सरकवू नका. वेळांची यादी शेजारी वेगळी साठवा. मूळ हेडरमधली महत्त्वाची माहितीही सोबत हवी. सुंदर पीएनजी काढून हेडर फेकून देणारे लोक असतात, त्यांच्याशी वाद घालू नये, त्यांचा डेटाही घेऊ नये.

सगळं मिळून साडेआठ जीबी, दाबल्यावर आमच्याकडे साडेसहा. २.६ टेराबाइटच्या प्रश्नाचं उत्तर एका पेनड्राइव्हवर आलं.

वाटप

पाठवण्याआधी प्रत्येक ठोकळ्याचा शा-२५६ (फाइलच्या अंगठ्याचा ठसाच जणू, एक अक्षर बदललं तरी तो बदलतो) काढून एका यादीत लिहा. ही यादी मालासोबत जातेच, शिवाय वेगळ्या वाटेनंही पाठवा. सोबत एक साधी वाचा-मला फाइल: कुठला डेटा, कुठल्या दिवसांचा, काय काय सुधारणा केल्या आणि कुठल्या नाही, साधनांच्या आवृत्त्या, आणि श्रेय नासाच्या एसडीओला आणि एआयएच्या विज्ञान गटाला. आम्ही ती मराठीतच लिहिली.

दोघा-तिघांना द्यायचं तर आरसिंक हे फायली पाठवायचं साधन उत्तम, मध्येच तुटलं तर अर्ध्यापासून पुढे चालू होतं. दहा-वीस जणांना द्यायचं तर टोरेंट. तो सिनेमांमुळे बदनाम झालाय, पण प्रत्येक तुकडा तपासून घेणं आणि घेणाऱ्यानंच पुढे वाटणं हे त्याचे गुण आपल्या तुटपुंज्या अपलोडला अगदी जुळतात. कायमचं ठेवायचं तर सर्नकडून चालवलं जाणारं झेनोडो हे डेटाचं भांडार, तिथं एका नोंदीला ५० जीबीपर्यंत जागा आणि डीओआय (कायमचा ओळखक्रमांक) मिळतो.

एकापेक्षा जास्त ठिकाणी प्रती असणं हा निव्वळ सोयीचा मुद्दा नाही. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्टॅनफर्डमध्ये जेएसओसी असलेल्या इमारतीत थंड पाण्याचा पाइप फुटला, सर्व्हरखोलीत पाणी शिरलं आणि एसडीओचा डेटा मिळणं बराच काळ अडलं. त्या दिवसांत ज्याच्याकडे जे उतरवलेलं होतं तेच कामाला येत होतं.

आणि ते लांबच्या मित्रांचं. पुण्याच्या मैत्रिणीला १५ मेच्या पुढचे दिवस हवे होते. तिला आम्ही क्लस्टरमध्ये घेतलं नाही, तिला फंक्शन, एन्व्हायर्नमेंटची यादी आणि तारखा पाठवल्या. तिनं मूळ डेटा थेट जेएसओसीकडून घेतला, आपल्याच संगणकावर चालवला आणि फक्त ठोकळे पाठवले. तपासायला आम्ही एक दिवस, १४ मे, दोघांनीही केला होता. तिच्या आणि आमच्या आकड्यांत फरक आला. तिचा झिजेचा तक्ता आमच्यापेक्षा नवा निघाला. तेव्हापासून तक्तेही माल म्हणूनच सोबत जातात.

ग्वाल्हेरच्या मामेभावानं रात्रभर आरसिंक लावून सकाळी यादी जुळवली. १,७६४ पैकी १,७६३ जुळले. राहिलेला ठोकळा ९ मेचा, १९३ चा, खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातला, जेमतेम चार एमबीचा. तो झिप करून व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवला. पाच मिनिटांनी त्याचा निरोप आला: "जुळला. आता १३१ कधी पाठवतोस?"